वसंतात शरदाची नाडी

चीन, क्वांगशू बादशहाच्या राजवटीचं बारावं वर्ष
किडे जागे होण्याचा दिवस, तुनशी

दादा,

आधी तुझ्या दुकानातल्या त्या वासाला नमस्कार, मग वहिनीला, मग तुला. इतक्या वर्षांनीही तुझं पत्र उघडलं की संत्र्याच्या वाळल्या सालीचा वास येतो आणि वाटतं, मी अजून तिथेच काउंटरमागे बसून औषधांच्या खणांवरची नावं वाचतेय.

काल ढग गडगडले. घरकामाच्या वू काकू म्हणाल्या, "जमिनीखालचे सगळे किडे आता कूस बदलतील." इथे मात्र माझीच कूस बदलणं थांबत नाही. मला स्वप्नं पडतात, दादा. एकामागून एक, आणि सगळी पांढरी.

मी ह्यांच्या शाईच्या कारखान्यातल्या काजळखोलीत आहे. तुंगतेलाचे दिवे ओळीनं लागलेत, वर वाडगे पालथे घातलेत. पण वाडग्यात काजळी धरायची ती धरत नाही, हिम धरतंय. पिसानं झाडलं की पिठासारखं पांढरं पडतं. मी झाडतेय, झाडतेय, आणि त्याची शाई कशी होणार हे कुणाला विचारावं ते कळत नाही. दुसऱ्या स्वप्नात मी उडतेय. खाली आपलीच होडी दिसतेय, रिकामी, दोर न बांधलेली. मला रडू येतंय, पण दुःख कशाचं ते आठवत नाही. तिसऱ्यात पांढरे कपडे घातलेली माणसं पुलावरून चाललीत. अंत्ययात्रा आहे, पण शवपेटी कुठेच नाही.

छातीत थोडं कोंडल्यासारखं होतं. सकाळी खोकला येतो. बाकी जेवणखाण ठीक.

तू बाबांकडून स्वप्नांचं सगळं शिकलास, मी अर्धंच. उरलेलं अर्धं कळव. आणि उत्तर होडीवाल्याच्या हाती देशील तेव्हा सांग, की पाकीट मलाच द्यायचं. ह्यांना नको.

सुयिन

* * *

वसंत-मध्य, लान्शी

सुयिन,

दुकानातला वास खुशाल आहे. तुझं पत्र मी गिऱ्हाइकांसमोर उघडलं ही चूक झाली, कारण वहिनी खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "वन्सं पुन्हा गरोदर तर नाहीत?" मी म्हटलं, "या वयात?" तर म्हणते, "एवढे मोठे वैद्य, आणि बहिणीला साधा प्रश्न विचारायची लाज वाटते!" तेव्हा विचारून टाकतो. नाही ना?

आता स्वप्नांचं. ज्यांनी हे पहिल्यांदा बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलं त्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. पट्ट्यांचे दोर कुजले, पट्ट्या सुट्या झाल्या, कुणी पुन्हा ओवल्या, चुकीच्या क्रमानं ओवल्या, आणि तरी ते आपल्यापर्यंत आलं. ते म्हणत, माणूस झोपला की त्याच्या आतला वारा घरभर फिरतो. ज्या खोलीत कमी-जास्त असेल तिथे तो अडतो, आणि तिथलं चित्र दिसतं. गारठा वाढला तर मोठं पाणी ओलांडायची स्वप्नं. उष्णता वाढली तर आगीची. यकृत चढलं तर भांडणाची. पोट रिकामं राहिलं तर मेजवानीची, पण घास तोंडाशी येत नाही.

प्रत्येक अवयवाला आपला रंग, आपला ऋतू. पांढरं छातीचं. शरद छातीचा, शोक छातीचा, धातू छातीचा. तिथे वारा जास्त साठला की माणूस स्वप्नात उडतो आणि रडतो. तिथलं बळ ओसरलं की पांढऱ्या वस्तू दिसतात. तुला दोन्ही दिसतंय. म्हणजे बळ ओसरतंय आणि वारा कोंडतोय.

पण नुसत्या स्वप्नावर मी औषध देणार नाही. बाबा म्हणायचे, स्वप्न म्हणजे शेजाऱ्यानं सांगितलेली बातमी. नाडी म्हणजे घरचा माणूस. स्वतःची नाडी स्वतः पाहू नये हा नियम मलाही माहीत आहे, पण तुझ्या-माझ्यात एवढी नदी पसरलीय, तेव्हा नियमानं थोडं सरकून बसावं. उपाशीपोटी पाहा. दोन्ही हातांची. वरवर कशी लागते, कुठल्या हाताची मोठी, आणि ऋतूशी जुळते का. मग लिही.

तोवर नासपती शिजवून खा.

बोह दादा

* * *

धान्यपावसाचा दिवस, तुनशी

दादा,

गरोदर नाही. वहिनीला म्हणावं, वाटाण्याच्या शेंगा पाठवतेय, त्यांच्यात दाणे भरलेत तेवढे पुरेत.

नाडी पाहिली. उपाशीपोटी जमलं नाही, दुपारी पाहिली, बाहेर बारीक पाऊस पडत होता तेव्हा.

डाव्या हाताची मोठी. उजव्याची लहान. दोन्हीकडे वरवर लागते, हलकी, पाण्यावर पीस ठेवल्यासारखी. बोट टेकलं की खाली जाते, उचललं की पुन्हा वर. वसंतात नाडी धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली हवी, ती तशी नाही. ही शरदाची आहे, दादा. पहिल्यांदा वाटलं माझीच बोटं विसरलीत. पुन्हा पाहिलं, तीच.

नासपती रोज शिजवते. वू काकू म्हणतात, "बाईसाहेब, या घरात आता माणसांपेक्षा नासपती जास्त झाल्यात."

आणखी एक स्वप्न. पांढरे हंस अंगणात उतरलेत आणि शाईच्या कांड्या टोचून खाताहेत. कांड्या त्यांच्या पोटात जाताना दिसतात, काळ्या, आणि हंस काळे होत नाहीत.

सुयिन

* * *

उन्हाळा लागल्याचा दिवस, लान्शी

सुयिन,

तुझं पत्र वाचून मी दुकानाला कुलूप घातलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसलो.

पुरुषाची डावी मोठी, बाईची उजवी. बाबांनी हे शिकवलं त्या दिवशी तू गल्लीभर सगळ्यांचे हात धरत फिरलीस. कसायाची उजवी मोठी लागली, तर त्याला भर चौकात सांगितलंस, "काका, तुम्ही बाई आहात." त्यानं हाडूक फेकून मारलं, ते मला लागलं. ते तू विसरणार नाहीस आणि मीही.

आणि काजळखोली. बाओंच्या घरात बायकांना त्या खोलीचा उंबरठा ओलांडू देत नाहीत, हे लग्नात तुझ्या सासूनं आईला सांगितलं होतं. वाडग्याच्या आत काजळी कशी धरते ते तू पाहिलंच नाहीस. मग हिम कसं दिसलं?

स्वप्नाबद्दल तू खोटं बोललीस. नाडीबद्दल खोटं बोलायला तुझा हात धजला नाही. उजवी लिहिली असतीस तर मला काही कळलं नसतं.

तो हात तुझ्या नवऱ्याचा, तिंगफूचा आहे ना?

तसं असेल तर लवकर लिही. वसंतात शरदाची नाडी लागली, तर बाबा त्या माणसाकडे फार वेळ बघत राहायचे, आणि घरी आल्यावर म्हणायचे, याचा शरद कसा जातो ते पाहायचं. शरद यायला आता फक्त एक उन्हाळा मधे आहे.

बोह

* * *

कणसं भरण्याचे दिवस, तुनशी

दादा,

हो. त्यांचाच.

तुला सगळं ठाऊक आहे, पण लिहिलं की माझ्या डोक्यात नीट लागेल. आमच्या लग्नाच्या मेजवानीनंतर पुन्हा एक मेजवानी झाली होती, बाबांच्या साठीची. तिथे तू प्यायलास आणि उठून म्हणालास, "बाओंच्या शाईनं लिहिलेलं औषध, रोगी बरा व्हायच्या आत कागदावरून उडून जातं." सगळे हसले. बाबाही हसले. हे हसले नाहीत. घरी परत येताना होडीत म्हणाले, "तुझ्या माहेरच्या, यानांच्या घरचा काढा या ओठांना लागणार नाही." मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. ते शाई करणारे आहेत, दादा. लिहिलेलं पुसलं जात नाही हा त्यांचा धंदा.

दुसऱ्या वैद्याला हात देणं हाही त्यांना कमीपणा वाटतो. "बायको यानांची, आणि मी बाहेरच्याकडे जाऊ? लोक काय म्हणतील?" म्हणजे तुझ्याकडे यायचं नाही आणि दुसऱ्याकडेही नाही. मधल्या जागेत बसून खोकायचं.

हात देत नाहीत, जीभ दाखवत नाहीत. फक्त स्वप्नं सांगतात. सकाळी पेजेचा वाडगा हातात घेतला की सुरू. स्वप्न म्हणजे दुखणं नव्हे असं त्यांना वाटतं, म्हणून मोकळेपणानं सांगतात.

"आज परत उडालो."

"कुठवर?" मी विचारते.

"पुलापर्यंत. पुढे वारा नव्हता."

"उतरलात कसे?"

"उतरलो कुठे? जाग आली तेव्हा वरच होतो."

आणि हसतात, आणि हसण्यातून खोकला निघतो, आणि तो थांबेपर्यंत वू काकू आणि मी वाडग्यात बघत राहतो.

नाडी मी दुपारी पाहिली, ते खुर्चीत डुलकी घेत होते तेव्हा. अगदी अलगद बोटं ठेवली. जागे झाले असते तर मी म्हणणार होते, माशी बसली होती.

काजळखोलीत वारा चालत नाही, खिडक्यांना कागद चिकटवलेले असतात. एक झुळूक आली तर काजळी उडते. त्यांच्या वडिलांनी तिथेच आयुष्य काढलं आणि पन्नाशी पाहिली नाही. मला ते पुन्हा बघायचं नाही.

तू औषध दे. ते पोटात कसं घालायचं ते मी पाहते. त्यांना काही कळवू नकोस. कळलं तर नासपतीही बंद होतील.

सुयिन

* * *

उन्हाळी संक्रांत, लान्शी

सुयिन,

पुडे पाठवतोय. लिलीचा कंद, तुतीच्या मुळाची साल, लोकाटाची पानं (मागची लव घासून काढली आहे, तरी फडक्यातून गाळ, नाहीतर घशाला खाजेल), जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध. जर्दाळूच्या बिया मोजून घातल्यात, वर एकही घालू नकोस. लान्शीच्या औषधदेवतेच्या देवळात जाऊन आलो. वहिनीनं उदबत्ती लावली आणि देवाला म्हणाली, "भाऊजींना अक्कल द्या, फुफ्फुसं आम्ही बघून घेतो." ज्यानं सगळ्या झाडांची पानं स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिली, तो देव हे ऐकून हसला असेल.

पण एक सांगतो. छाती धातूची, आणि धातू मातीतून निपजतो, धुरातून नाही. तो खोलीत दिवसभर धूर ओढणार आणि तू चोरून वाटीभर काढा पाजणार, म्हणजे गळक्या नावेतलं पाणी ओंजळीनं काढणं. त्याला खोलीतून बाहेर काढ. तो बाहेर येण्यासाठी त्याला कळायला हवं. मी तुझं ऐकून गप्प बसतो, पण फार दिवस बसवणार नाही.

बोह

* * *

मोठा उष्मा, तुनशी

दादा,

जमलं! तू म्हणालास तसं ओंजळीनं, पण जमलं.

मी उघड सांगितलं की काढा माझा आहे, माझी छाती कोंडते, दादाकडून मागवलाय. अंगणातच मडकं चढवलं. हे नाक मुरडून बसले. वाटी भरली आणि मी तोंड वाकडं केलं. "मला जमणार नाही. फार कडू असणार."

"पी."

"आधी कुणीतरी चाखून सांगा. आजाऱ्याचं औषध घरचा माणूस आधी चाखतो, एवढी रीत तर आहे."

वू काकू पुढे आल्या. मी म्हटलं, "काकूंची जीभ मिरचीनं मेलीय, त्यांना काय कळणार?" काकूंना राग आला, पण त्या हुशार आहेत, मागे सरल्या.

मग ह्यांनी वाटी घेतली. एक घोट. "काही कडू नाही."

"खरं?"

"हे बघ." आणखी एक. "लहान मूलसुद्धा पिईल. बघ, मी कसा पितो. बघतेयस ना? असं. आता तू."

अर्धी वाटी रिकामी करून त्यांनी माझ्या हातात दिली. उरलेली मी बाहीआड बांबूच्या कुंडीत ओतली. बांबूला नवीन कोंब फुटलाय, हसू नकोस.

आता रोज हेच. रोज मी घाबरते, रोज ते मला धीर देतात. शपथेचं विचारलं तर म्हणाले, "चाखणं म्हणजे पिणं नव्हे." माझ्या ओठांवर येतं की सगळीच चाखा, पण अर्धीच चाखली तर खरं वाटतं.

खोकला थोडा सैल झालाय. पण स्वप्नात अजून उडतात. आता पुलाच्या पुढे जातात म्हणे. हे चांगलं की वाईट?

सुयिन

* * *

उष्मा सरण्याचा दिवस, तुनशी

श्री. यान बोह यांस,

आपला माझा पत्रव्यवहार नाही आणि हे पत्र तो सुरू करण्यासाठी लिहिलेलं नाही. कागदावर आमच्या घरची शाई आहे. ती किती दिवसांत उडते ते आपण सोयीनं पाहावं.

माझी बायको आजारी आहे. आपण औषध देता, म्हणजे आपणास ठाऊक आहे. मला कुणी काही सांगत नाही. विचारलं की म्हणते, "बरं वाटतंय." तिचा रंग चांगला आहे. जेवते. जिन्यावर धावते. गाणं गुणगुणते. हे सगळं पाहून मला जास्त भीती वाटते. माझ्या आत्याचंही शेवटी असंच झालं होतं, दिवा विझण्याआधी मोठा व्हावा तसं.

काढ्याचा चोथा ती रीतीप्रमाणे रस्त्यावर टाकते, की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवावा आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर चारी दिशांना पांगावं. पण आमची गल्ली आडबाजूची. सकाळी टाकलेला चोथा संध्याकाळी तसाच असतो, वर एखादी कोंबडी. म्हणून मीच जातो. कामगारांना सांगतो, शाईचा रंग उजेडात बघायचाय. चोथ्यावरून जातो आणि परत येतो. पुन्हा जातो. कोपऱ्यावरचा न्हावी विचारत होता, "बाओशेठ, काही हरवलंय का?" दुखणं कुणाच्या तरी पायाला चिकटायचंच असेल, तर ते घरातल्याच माणसाला चिकटलेलं बरं, परक्याला कशाला त्रास. तिला हे कळवू नये.

काढा मी चाखला आहे. शपथ मोडली असं समजू नये.

मला स्वतःला थोडा खोकला आहे, तो धुराचा. त्याबद्दल हे पत्र नाही.

एवढंच विचारायचं आहे, की ती हे वर्ष काढेल का. खरं लिहावं.

बाओ तिंगफू

* * *

शुभ्र दव, लान्शी

तिंगफू यांना,

तुमचं पत्र बैठकीत उन्हाला टेकवून ठेवलं आहे. अजून काळंच आहे. हे मी लिहावं अशी माझ्या बायकोची अट होती. त्याशिवाय तुम्हाला पत्र लिहू देत नाही म्हणाली. तुम्ही चोथ्यावरून चालता ते वाचून ती मला घरातून ओरडून म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी कधी काही तुडवलंत?"

तुम्ही खरं मागितलं आहे. सुयिननं मला गप्प राहायला सांगितलं होतं. आज मी तिचं ऐकत नाही, मागाहून जे व्हायचं ते होवो.

तिला काहीही झालेलं नाही. ती हे वर्ष काढेल, आणि पुढची पुष्कळ.

आजारी तुम्ही आहात. ती स्वप्नं तिची म्हणून माझ्याकडे आली, ती तुम्ही सकाळी पेज खाताना सांगितलेली आहेत. जी नाडी तिनं मला लिहिली ती तुमच्या हाताची आहे, तुम्ही झोपेत असताना घेतलेली. जो काढा तुम्ही तिला धीर देण्यासाठी चाखता तो तुमच्यासाठी बांधलेला आहे, आणि उरलेला अर्धा बांबू पितो. आणि ज्या चोथ्यावरून तुम्ही येरझाऱ्या घालता, त्यात तुमचंच दुखणं आहे. तिच्यावरून उतरवून स्वतःवर घ्यायला तिथे काही नव्हतं.

शरद लागला आहे. तुमच्या छातीचा ऋतू. या दोन महिन्यांत काय होतं यावर पुढचं अवलंबून आहे, आणि अर्ध्या वाटीनं हे निभणार नाही.

माझ्याकडे या असं मी म्हणणार नाही, तुम्ही येणार नाही. दुसऱ्या वैद्याकडेही जाणार नाही. पण तुमच्याच घरात एक हात आहे, जो मनगटाखाली ठेवायच्या माझ्याच उशीवर, माझ्याच बापाकडून नाडी शिकला. बोटं तिची माझ्याहून बारीक आहेत, हे बाबा माझ्यासमोर म्हणायचे. आता ती बाओंच्या घरची आहे. तिला हात दिला तर यानांना दिला असं होत नाही.

जागेपणी द्या.

यान बोह

* * *

हिवाळा लागल्याचा दिवस, तुनशी

दादा,

दोन महिने तुला लिहिलं नाही. आधी रागानं, मग वेळ नव्हता म्हणून.

तुझं पत्र आलं ते ह्यांनी अंगणात उभ्यानं वाचलं. घडी केली. बाहीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून पेजेच्या वेळी स्वप्न नाही, काही नाही. काढा मी ठेवायची, तो थंड व्हायचा. आणि खोलीत आधीपेक्षा जास्त वेळ बसायला लागले, जणू दिव्यांशी भांडण होतं. मी तुला मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. वहिनीला कळेल, तिला विचार.

मग एक सकाळ अशी आली, की काजळखोलीच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला आणि तो वर गेलाच नाही. तिथेच बसले. वाऱ्यावर पानं पडत होती, आणि ते पानांकडे बघत होते, जणू ती कुठून येतात ते आज पहिल्यांदाच दिसतंय. बऱ्याच वेळानं मला हाक मारली.

"माझी स्वप्नं विकलीस."

"विकली नाहीत. पाठवली."

"तुझ्या नावावर."

"तुमच्या नावावर पाठवली असती तर दादानं उघडली असती, पण तुम्ही उत्तर फाडलं असतं."

त्यावर त्यांना हसू आलं, आणि हसण्यातून खोकला, आणि तो या वेळी फार वेळ थांबेना. वू काकू गरम पाणी घेऊन धावल्या. खोकला थांबला तेव्हा त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. पालथा.

"सुलटा ठेवा," मी म्हटलं.

"वैद्य आहेस की कोतवाल?"

"सुलटा."

वू काकूंनी टॉवेलची गुंडाळी करून मनगटाखाली सारली. मी बोटं ठेवली. दादा, तुला सांगते, झोपेत चोरून पाहायची तेव्हा मी कधी दाबलंच नव्हतं, जागे होतील म्हणून. वरचं पीस तेवढं लागायचं, आणि तेवढंच मी तुला कळवत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा दाबलं. मधल्या थरात जवळजवळ काहीच नव्हतं. मला वाटलं, संपलं. आणखी दाबलं, हाडापर्यंत. तिथे होती. बारीक, पण एकसारखी, कुठेही न अडखळणारी. बाबा ज्याला मूळ म्हणायचे ते. झाडाची पानं गेलीत, पण मूळ आहे.

मी बोटं उचलेना म्हणून हे घाबरले. "काय म्हणते?"

"म्हणते, तुम्हाला वाचवता येईल. पण या पायरीच्या आत परत जायचं नाही. उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही. कधीच नाही."

ते वळून दाराकडे बघत राहिले. आतून दिव्यांची ऊब येत होती. कामगार पीस हातात धरून दारात येऊन उभा राहिला होता, काही विचारायला, पण आमच्याकडे बघून तसाच थांबला.

"मग मी दिवसभर करू काय?"

"श्वास घ्या."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. स्वतः उठून नाही, बसल्या जागेवरून, कामगाराला. मी बाहेर आणि ते बाहेर, आणि आत दिवे.

त्यानंतर पूर्ण वाटी, रोज दोनदा. तोंड वाकडं करतात आता, दुसऱ्याला धीर द्यायचा नसला की कडू लागतं म्हणे. मधे एक आठवडा फार वाईट गेला, ताप चढला, मला वाटलं तुला बोलावून घ्यावं. त्यांनीच नको म्हटलं. "तो आला तर शाईबद्दल काहीतरी बोलेल, आणि मला हसायची बंदी आहे." मग ताप उतरला. रोज सकाळी मी हात घेते, आणि मधल्या थरात रोज थोडं थोडं काही येतंय, कोरड्या ओढ्यात वरून पाणी यावं तसं, आधी ओल, मग आवाज.

आज शरद संपला, दादा. मी सकाळपासून पंचांग तीन वेळा पाहिलं.

हे लिहितेय तेव्हा ते समोर अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलेत, डोळे मिटून, हात मांडीवर. झोपले नाहीत. मी कागदावरून मान वर करून पुन्हा पुन्हा त्यांच्या छातीकडे बघतेय.

घेताहेत.

सुयिन